खळ

वनखात्याचं पत्र पिशवीत घडी करून,
कारवारहून दोन थर्माकोलच्या पेट्या, चार समुद्रकाकड्या.
अनमोड घाटात एकीनं आतडी टाकली.
कंडक्टर म्हणाला, बाई, कसला वास हा?
मी म्हटलं, घाबरलीय ती.
त्यानं शेजारच्या बाईच्या हातात लिंबू ठेवलं.

बेळगावात तिघी पोचल्या.
बोटानं दाबलं की वाळल्या चामड्यासारख्या ताठ,
आणि बराच वेळ चोळत धरलं
तर भिजल्या साबणासारख्या बोटांमधून ओघळायला लागतात.

मी आधी स्नायूंवर संशय घेतला होता.
स्नायू आहेत, आतून लांबट पाच पट्टे,
ओढतात, सोडतात, आपल्यासारखे दमतात.
पण हा ताठपणा त्यांचा नव्हे.
तो कातडीतल्या तंतूंच्या मधल्या जागेचा.
तंतू आखडत नाहीत, वाढत नाहीत,
त्यांच्यामधलं काहीतरी सांगतं, धरा एकमेकांना,
नाहीतर, सोडा.

हा निरोप आणणारा रेणू पाच मण्यांचा.
मज्जातंतूच्या टोकातून सुटतो, कातडी आवळते.
दुसरा सात मण्यांचा, त्याचं उलटं.
तिसरा सतरांचा, तो स्वतःचं काही बोलत नाही,
दुसऱ्याचा आवाज तेवढा दाबतो.
(असे लोक मला आमच्या विभागातही ठाऊक आहेत.)

खाऱ्या पाण्याची नळी, त्यात दोऱ्यानं टांगलेला कातडीचा तुकडा,
शनिवार खुटावरून आणलेलं दहा ग्रॅमचं वजन,
वर तरफ, तरफेला पेन.
तुकडा हळूहळू लांबतो, रेघ उतरत जाते.
एक थेंब सोडला.
रेघ आडवी झाली.
रात्रीचे साडेनऊ, वॉचमन किल्ल्या वाजवत दारात,
आणि मी त्या आडव्या रेघेला म्हणाले, थांब की गे जरा.

वडगावात, मागाच्या खोलीत,
बाबा ताण्याला खळ लावत होते.
मी सांगत होते, त्यांचं अर्धं लक्ष कुंच्याकडं.
"म्हणजे सूत तेच," ते म्हणाले,
"खळ तेवढी बदलली म्हण की."
तीन वर्षं मला हे एका वाक्यात लिहिता आलं नव्हतं.

"आणि असं ताठ राहायला तिला खायला किती लागतंय?"
जवळजवळ काही नाही.
स्नायू आवळून धरला तर जीव मेटाकुटीला येतो,
हे मात्र फुकटात, तासन्‌तास.

बाबांनी कुंचा पातेल्यावर आडवा ठेवला.
भिंतीपलीकडं गुरुपादप्पांचा माग चालू होता.
अकरा वर्षं झाली.
दोघांच्या सामायिक पाटीवर
कुणाची अक्षरं वर, कुणाची खाली.
पाटी गंजली, भंगारात गेली,
खिळ्यांची चार भोकं आहेत अजून, त्यांत मुंग्या राहतात.
सूत एकाच व्यापाऱ्याचं, गटारावरची फरशी एकच,
दिवाळीचा फराळ मात्र पोरींच्या हातून जातो.

"ढिलं करणारा कुठला म्हणालीस?"
सात मण्यांचा. पण तो आपल्यात चालत नाही, बाबा.
"विचारलं फक्त."

नळाला पाणी यायचा वार होता.
पलीकडचा माग थांबला, आणि भिंतीवरून आलं,
"नीर बंतेन?"
सुनेला विचारलं असेल, असं मला वाटायला हवं होतं,
पण सून गोकाकला माहेरी गेलीय, आळीला माहीत आहे.
बाबा खळीच्या हातानं तसेच उभे.
बोटांवरची खळ वाळत पांढरी होत होती.

"बंतु," ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "सण्णग बरतैति."

पलीकडून काही आलं नाही. माग सुरू झाला.
मी पेनाची रेघ आठवत होते,
पहिल्यांदा हलते तेव्हा किती थोडी हलते,
पंख्याच्या वाऱ्यानंच हलली म्हणून
मी तो कागद फाडणार होते.